केळ्याचे देवक

एन्टेबे, १४ नोव्हेंबर

बोनाव्हेंचर,

‘प्रिय’ हा शब्द मी गाळला आहे. अनवधानाने काही गाळण्याची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

गेल्या तीन वर्षांत मी तुला जे काही लिहिले ते समितीच्या शिक्क्याखाली लिहिले. तुझा पहिला अर्ज मी परत पाठवला तो त्यात उणिवा होत्या म्हणून. त्यावर तू नैरोबीला निघून गेलास तो तुझा निर्णय. त्याबद्दल मला आजही काही म्हणायचे नाही. हे पत्र वेगळे आहे. हे मी हाताने लिहिते आहे आणि उद्या परतणाऱ्या वांगेचीच्या हाती देते आहे. लिफाफा बंद आहे. तुझ्या सहकारिणीला आणखी काही कळण्याचे कारण नाही. आजच्या दिवसापुरते तिला माझ्यापेक्षा पुष्कळच ठाऊक होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फाटकापाशी जाऊन नाकतोड्यांचा पुडा घेऊन आली. नोव्हेंबर आहे, सगळे गाव तेच खाते आहे, वऱ्हांड्यात पंख उडताहेत. तिने पुडा माझ्यापुढे धरला.

“घ्या ना मॅडम, गरम आहेत अजून. कांद्यावर परतलेत.”

“मी खात नाही.”

“काय सांगता! नाकतोड्याला नको म्हणणारी इकडची बाई मी पहिल्यांदाच बघतेय. पथ्य आहे का काही?”

“आमच्या कुळाचं देवक आहे तो. देवक आम्ही खात नाही.”

ती ओशाळली, पुडा मागे घेतला, आणि मग तिला हसू फुटले. “अगंबाई! मग तर तुमच्या भावाचं केळंसुद्धा चालणार नाही तुम्हाला!”

मी विचारले, का.

“का म्हणजे? केळीच्या मर रोगाचा जिवाणू मारणारं ते प्रथिन ह्याच्याच तर आतड्यात सापडलं ना! आम्ही लॅबमध्ये त्या झाडांना ‘उडीबाबा’ म्हणतो. तुम्हाला ठाऊक नाही? अध्यक्ष तर तुम्ही!”

माझ्या ताटात त्या वेळी काय होते, ते मला आठवत नाही. एवढ्या साध्या गोष्टीचे न आठवणे मला शोभत नाही, म्हणून मी उठून हात धुतले आणि खोलीत येऊन दार लावून घेतले. तासाभराने शिपाई चहा घेऊन आला तेव्हा मी अजून उभीच होते.

बोनाव्हेंचर, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मसाकाला, बाबांच्या बागेत, तुझ्या केळ्याची चवचाचणी झाली. परवानगी माझ्या सहीची होती. तुझ्या अर्जात मूळ सजीवाचे नाव नव्हते आणि ते असण्याची गरजही नव्हती, कारण आमच्या मसुद्यातले कलम अकरा चाचण्यांपुरते आधीच लागू झाले आहे: ‘जो जनुकक्रम यंत्राने जुळवला असेल आणि कोणत्याही सजीवाच्या शरीरातून काढलेला नसेल, त्याला मूळ सजीव आहे असे मानले जाणार नाही.’ हे वाक्य माझे आहे. शेजारच्या देशांनी त्याची प्रत मागवली आहे. त्यातून एक शब्द काढून दाखवा असे मी समितीला म्हटले होते आणि कोणाला काढता आला नव्हता.

त्या दिवशी पहिला घास बाबांनी घेतला. आपल्या शाखेचे प्रमुख, ज्यांच्या शब्दावर नाकतोडा कुळातली घरे आपल्या मुलांची नावे ठेवतात, त्या बाबांनी.

मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. वांगेची थट्टा करत होती का?

डॉ. पर्पेतुआ नाकीगांडा
अध्यक्ष, जैवसुरक्षा मसुदा समिती


एन्टेबे, २२ नोव्हेंबर

बोनाव्हेंचर,

तुझे उत्तर बसच्या टपालाने आले. तू लिहितोस: “हो. पण ताई, त्यात नाकतोडा कुठेच नाही. एकाही नाकतोड्याचा पाय मोडलेला नाही. क्रम संगणकातून घेतला, यंत्राने लिहिला. कलम अकरा वाच.”

कलम अकरा वाच. हे तू मला सांगतोस.

मी ते वाचले. खरोखरच काढून, टेबलावर ठेवून, परक्या माणसाचा मजकूर वाचावा तसे वाचले. त्यात फट नाही. तू ज्या जागेतून आत आलास ती फट नव्हतीच. ते मी स्वतः बांधलेले, बिजागऱ्यांना तेल घातलेले दार होते. देशात हे वाक्य सर्वांत काळजीपूर्वक कोणी वाचले असेल तर ते तू. माझ्या समितीतल्या कोणाही सदस्याने माझे लिखाण इतक्या आदराने वाचलेले नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही.

परंतु मला खरा धक्का तुझ्या पत्राने दिलेला नाही. तो वांगेचीने दिला. मी तिला फोन करून विचारले, की त्या दिवशी बाबांना पंक्तीला कोणी बसवले.

“मी सांगितलं होतं हो त्यांना!” ती बिचारी घाबरून गेली होती. “मी नैरोबीहून निघताना तुमच्या भावाने, मुगालुलाने, मला बजावलं होतं, ‘म्हाताऱ्याला वाढू नकोस.’ कारण काही बोलला नाही. मला वाटलं, साखरेचा त्रास असेल. मी म्हटलं, आजोबा, तुमच्या मुलाचा निरोप आहे, तुम्ही खायचं नाही.”

“मग?”

“मग काय! केवढे चिडले! म्हणाले, ‘माझ्या पोरानं केलेलं, माझ्या बागेत पिकलेलं, आणि गावानं खायचं नि मी तोंड बघत बसायचं? ए पोरी, ते पान इकडे सरकव!’ मी काय करणार, मॅडम? माझे वडील असते तर त्यांनाही मी नाही म्हणू शकले नसते.”

त्यापुढचे मी स्वतः पाहिले होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि वही-पेन हाती घेऊन लोकांची मते टिपत होते. बाबांनी केळीच्या पानात वाफवलेला गोळा हाताने मोडला, अंगठ्याने खळगा केला, शेंगदाण्याचे कालवण त्यात भरून घेतले, आणि डोळे मिटून चावले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, “मीठ कमी आहे. पण पोरगा आपला आहे.” लोक हसले. मीही हसले, आणि ‘चव: नेहमीसारखी’ असे लिहिले.

तेव्हा तुला ठाऊक होते. तू निरोप पाठवलास, म्हणजे देवक हे तुझ्या लेखीही देवकच होते. यंत्राने लिहिलेली अक्षरे नव्हती. तुझ्या मनाला कलम अकरा पटले नव्हते. ते तुला फक्त उपयोगी पडले. आणि बापापुरता तू निरोप दिलास. त्याच पंक्तीत आपल्या कुळातली आणखी माणसे बसली होती, त्यांना तू माझ्या वाक्यावर सोडून दिलेस.

मी रविवारी मसाकाला गेले होते. बाबांना सांगावे म्हणून वाक्य तयार करून नेले होते. मोटारीत ते दोनदा सुधारले. बाबा बागेत, कुंपणाआडच्या तुझ्या झाडांपाशी खुर्ची टाकून बसले होते, आणि जो येईल त्याला कोणता घड कधी उतरेल ते सांगत होते. मला बघून म्हणाले, “ये, समितीबाई. हा बघ तुझा भाचा, केवढा वाढलाय. तुझ्या सह्यांची वाट बघत बसला असता तर अजून कुंडीतच असता.” मी चहा प्यायले. वाक्य निर्दोष होते. ते मी तसेच परत आणले.

येत्या चार डिसेंबरला मसुद्यावरची शेवटची जनसुनावणी आहे, तीही मसाकालाच. त्यानंतर तो मंत्रिमंडळाकडे जाईल. तोवर कलमाला हात लावू नकोस, असे तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. ‘कृपया’ हा शब्दही घातला आहेस. माझे मत मी राखून ठेवते.

पर्पेतुआ नाकीगांडा


कंपाला, ३० नोव्हेंबर

बोनाव्हेंचर,

तू पाठवलेली छायाचित्रे मिळाली. ती मला पाठवण्याची गरज नव्हती. मर रोग कसा दिसतो हे मला ठाऊक आहे. आईने एका सकाळी बागेतला खुंट कापला आणि कोयत्याला तो पिवळा चिकट पू लागला, तेव्हा तिच्या मागे तूच नव्हतास, मीही होते. तोच कोयता तिने पुढच्या झाडाला लावला आणि त्याच्या पुढच्या, कारण तिला वाटले आपण रोग कापून काढतो आहोत. पावसाळा संपेपर्यंत बाग गेली होती. त्या वर्षापासून आई जेवताना कोणी वाफवलेल्या केळ्यांचे मटोके कमी घेतले की गप्प होत असे. तू त्या दिवसापासून एकच काम केलेस आणि ते तू उत्तम केलेस. अर्जातल्या उणिवांसंबंधी माझे मत बदललेले नाही; कामासंबंधी माझे मत कधीच वाईट नव्हते. हे मी तुला सांगितले नव्हते असे दिसते.

परंतु तू लिहितोस, “बाबांना कळलं तर ते खचतील, आणि नाही कळलं तर काहीच होणार नाही. मार्चच्या पावसाआधी रोपं गेली नाहीत तर अजून एक वर्ष बागा मरतील. तुझ्या एका शब्दासाठी?”

हा युक्तिवाद पक्का आहे. तो मला रात्रंदिवस छळतो आहे. समितीच्या सचिवांनीही मला तेच सांगितले, फक्त अधिक गोड शब्दांत.

“डॉक्टर, इतकं सुंदर कलम आहे. गेल्या महिन्यात परिषदेत सगळ्यांनी मान डोलावली. आता सुनावणीत ‘नाकतोडा’ म्हणाल, तर उद्याच्या वर्तमानपत्रात काय येईल, कल्पना आहे? ‘सरकार केळ्यात किडे घालतंय.’ पाच वर्षांचं काम चुलीत!”

“पण ते खरं आहे.”

“खरं आहे हो. पण कोणी विचारलंय का?”

मी एवढेच लिहिते, की परक्या देशांतून उचललेले जुने मसुदे मी ज्या आवेशाने फाडले ते तुला आठवत असेल. ‘यांत आपल्या मातीचा कण नाही,’ असे मी म्हणत असे. माझे कलम अकरा काल मी कोणत्याही देशाचे नाव वर घालून वाचून पाहिले. ते सगळीकडे बसते. त्याच्या सौंदर्याचे कारण तेच होते. त्यात कोणीही राहत नाही.

अजून मी काही ठरवलेले नाही.

प.


मसाका, ५ डिसेंबर

बोनाव्हेंचर,

काल काय झाले ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे. मी ते क्रमाने लिहिते आहे. क्रम सुटला तर मला लिहिता येणार नाही.

सुनावणी चर्चच्या सभागृहात होती. माणसे दारापर्यंत उभी होती. बाबा पहिल्या रांगेत, पांढऱ्या पायघोळ कांझूवर तो करडा कोट घालून. सचिव माझ्या उजव्या हाताला. मी कलमे आपल्या भाषेत एकेक करून वाचत गेले. दहापर्यंत कोणी काही बोलले नाही. अकरावे वाचले आणि मधल्या रांगेतून नालोंगो उठली. टेकडीखालची, जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे मान देतात आणि सगळे घाबरतात. तिची बाग याच वर्षी गेली आहे.

“डॉक्टरीणबाई, एक विचारू? नवा माणूस दारात आला तर आपण त्याला आधी काय विचारतो?”

“कूळ विचारतो, नालोंगो.”

“मग ह्या केळ्याला विचारा की! उठ म्हणावं, बाबा. आपलं नाव सांग, बापाचं सांग, आज्याचं सांग, देवक सांग. मग बस आमच्या पानावर.”

सभागृह हसले. मागून कोणी ओरडले, “लाजतंय ते!” दुसरा म्हणाला, “नैरोबीला शिकलेलं आहे, आपल्या भाषेत नाही सांगायचं!”

मी कलम अकरा पुन्हा वाचले. आवाज स्थिर होता.

“मूळ नाही?” नालोंगोने कमरेवर हात ठेवले. “आई नाही, बाप नाही? अगं बाई, मग ते केळं नव्हे, भूत आहे! हे बघा, माझी बाग मेलीय. मी भूतसुद्धा लावीन. पण त्याला हाक काय मारू, तेवढं तरी सांगा.”

आता हसण्याचा नुसता गदारोळ झाला, आणि त्या गदारोळात बाबा उठले. ते वळून तिच्याकडे बघत म्हणाले, “नालोंगो, तोंड सांभाळ. ते केळं माझ्या पोराचं आहे. त्याला बाप नाही असं माझ्यासमोर म्हणायचं नाही. मी खाल्लंय ते. ह्या हातानं खाल्लंय.” आणि त्यांनी उजवा हात वर करून सगळ्या सभागृहाला दाखवला.

बोनाव्हेंचर, मी तो हात पाहिला. त्या क्षणापर्यंत मी काही ठरवले नव्हते. ठरवल्याचे मला आताही आठवत नाही. मी कागद खाली ठेवले, समोर आले, आणि दारात आलेल्या पाहुण्याने उभे राहावे तशी उभी राहिले.

मी म्हटले, “मी केळं. माझी आई ह्याच टेकडीवरची, किगुंडूंच्या बागेतली. माझा बाप बोनाव्हेंचर मुगालुला, अलोयसियस किगुंडूंचा मुलगा, बालिबासेकांचा नातू. मला यंत्रानं लिहिलं, पण यंत्राला कूळ नसतं, ते फक्त लिहितं. मर रोगाला मारण्याचं बळ मला ज्याच्याकडून मिळालं, तो नाकतोडा. माझं देवक नाकतोडा.”

सचिवांनी डोळे मिटले. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू झाली आणि दूर जाईपर्यंत ऐकू आली.

मग मागून एक माणूस बोलला, हळूच, कोणाला उद्देशून नव्हे: “माझी बायको नाकतोड्याची आहे. ती जेवली त्या दिवशी.” दुसरा म्हणाला, “आणि माझ्या घरात मी नाकतोड्याचा नि बायको वानराची. हंडी एकच आहे. ती खाणार, मी नि पोरं नाही, मग रांधायचं कसं?” कोणी म्हणाले, “अरे, आणि पान? सगळं त्याच्याच पानात वाफवतो ना आपण!” पान. पानाचा विचार मी केला नव्हता. तू केला होतास का? कोणाच्याही घरात दोन कुळे एका हंडीत जेवतात, ही गोष्ट या देशातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि ती माझ्या समितीत पाच वर्षांत एकदाही उच्चारली गेली नाही.

बाबा अजून उभे होते. त्यांचा हात अजून वर होता. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिले, जणू तो कोणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता. आयुष्यभर मुलांना छड्या मारणारे मुख्याध्यापक, पण काल त्यांचा आवाज मला ऐकू येईना. मला पुढे वाकावे लागले.

“कूळ सांगायला पोराला बाप घेऊन येतो. बाप कुठाय?”

“नैरोबीत, बाबा.”

“मग हे कोणी आणलं?”

“मी.”

“आत्या,” ते म्हणाले. “आत्यानं ओळख करून दिली तर कुळाला ऐकावं लागतं.” मग विचारले, “तुला कधीपासून ठाऊक होतं?”

“गेल्या महिन्यात रविवारी आले होते तेव्हा ठाऊक होतं.”

“चहा प्यालीस.”

“हो.”

ते निघाले. माणसांनी वाट दिली. नालोंगोने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. खिडकीतून मला ते अंगणातल्या नळापाशी दिसले. त्यांनी कोट काढून कठड्यावर नीट घडी करून ठेवला, बाही वर केली आणि हात धुतला. मग पुन्हा धुतला. सचिव माझ्या कानाशी काहीतरी बोलत होते. त्यातले मला काहीही कळले नाही. पाणी थांबवून त्यांनी हात नाकाशी नेला, आणि पुन्हा नळ सोडला.

मसुदा मागे घेण्यात आला आहे. तुझी चाचणी स्थगित आहे. स्थगितीच्या कागदावर सही माझीच आहे. तुला राग येईल; येऊ दे. मला मात्र त्या नळाचा आवाज अजून येतो.

पर्पेतुआ


मसाका, ११ डिसेंबर

प्रिय बोनाव्हेंचर,

मी अजून मसाकालाच आहे. बाबा बोलतात, पण जेवढ्यास तेवढे.

ते मटोके खात नाहीत. पानात शिजलेले काहीच खात नाहीत. जस्ताच्या थाळीत मक्याच्या पिठाचा पोशो घेतात. तुला आठवते ना, पोशोला ते काय म्हणत? “वसतिगृहातल्या पोरांना दिलेली शिक्षा.” मी म्हटले, बाबा, कुंपणाबाहेरची झाडे जुनीच आहेत, त्यांत काही नाही. ते म्हणाले, “तू सांगतेस, म्हणजे असेल. मागच्या वेळीही तूच शेजारी उभी होतीस.” मी थाळी उचलून धुवायला नेली.

आता जे लिहिते आहे ते ऐक, कारण मला ते अजून पुरते समजलेले नाही.

सोमवारी कुळातली माणसे कोयते घेऊन आली. त्यांना तुझी झाडे तोडायची होती. बाबांचे तीन पुतणे, मागच्या घरचे काका, आणि सर्वांत पुढे कुळाचा तो जावई, ज्याची बायको त्या दिवशी जेवली. बाबा खुर्ची उचलून कुंपणाच्या फाटकात जाऊन बसले.

“बाजूला व्हा, काका. आम्ही तुमच्यासाठीच आलोय.”

“माझ्यासाठी आलायत तर कोयते बाहेर ठेवा नि चहा घ्या.”

“ह्यानं तुम्हाला बाटवलं!”

“ह्यानं नाही. हे तर पोर आहे. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नाही.” मग ते म्हणाले, “पर्पेतुआनं सभेत त्याचं कूळ सांगितलं ना? तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? नाकतोड्याचं आहे. मग आपल्या कुळातल्याला कोयता कोण लावणार? तू? पुढे ये.”

कोणी पुढे आले नाही. शेवटी चहा झाला.

काल नालोंगो आली. ती वानरकुळातली, तिला देवकाची अडचण नाही. टोपली घेऊनच आली. “किगुंडू, मला लावायला बुडाचे दोन मुनवे द्या. मला काय, मी नाकतोडा खाते, कांदा घालून. माझी बाग उभी राहू दे.”

बाबा म्हणाले, “देईन. पण आत्ता नाही. आपल्या घरातली पोर परक्या घरी द्यायची तर बाप समोर लागतो. ह्याचा बाप येऊन आपल्या तोंडानं सांगेल, हे माझं, हे अमक्याचं, हे मी लपवलं होतं. मग तू एक सोडून दहा ने.”

“आणि नाही आला तर?”

“तर मी पोशो खाईन आणि तू शेजाऱ्याकडून कंद मागशील. पण कोणी तोडणार नाही, आणि कोणी चोरूनही नेणार नाही.”

बोनाव्हेंचर, तू मला विचारले होतेस, एका शब्दासाठी? तो शब्द आता बाबांच्या फाटकात बसला आहे. माझ्या समितीने उद्या परवानगी दिली तरी एक मुनवा या टेकडीवरून खाली उतरणार नाही. आणि तू आलास, तर मला वाटते, मार्चच्या पावसाआधी तो उतरेल. हा अंदाज आहे. अंदाज लिहिण्याची मला सवय नाही.

कलम अकरा मी पुन्हा लिहिले. ‘जनुकक्रम शरीरातून काढलेला असो वा यंत्राने लिहिलेला असो, तो प्रथम ज्या सजीवात आढळला त्याचे नाव, लोक त्याला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने, फळावर, पानावर आणि रोपावर, रांधणाऱ्याला रांधण्यापूर्वी व खाणाऱ्याला खाण्यापूर्वी सांगितले जाईल.’ ते लांब आहे. त्यात ‘पूर्वी’ दोनदा आले आहे. सचिव म्हणाले, फार बोजड झाले. मी म्हटले, हो. शेजारच्या देशाच्या समितीतल्या एकीने कळवले, की त्यांच्याकडे देवके वेगळी असली तरी हंडी तशीच आहे. ‘नवी प्रत पाठवा,’ असेही तिने लिहिले.

हे पत्र उद्या पहाटेच्या बसने निघेल. बसच्या परतीच्या फेरीत तुझ्यासाठी एक जागा मी सांगून ठेवली आहे. बाबांना मी हे कळवलेले नाही. पण आज दुपारी त्यांनी कोट बाहेर काढून उन्हात टाकला, आणि मला विचारले, नैरोबीहून येणारी गाडी आजकाल कुठे थांबते.

मी पर्पेतुआ नाकीगांडा. अलोयसियस किगुंडूंची मुलगी, बालिबासेकांची नात. मसाकाच्या टेकडीवरच्या शाखेतली. एका केळ्याची आत्या. माझे देवक नाकतोडा.

आता तू सांग.